फोंड्यात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या इलेक्ट्रिक गाडीचं हे तिसरं वर्ष. राहतो गोव्यातल्या फोंड्यात, कामाला रोज पणजी, आणि इथल्या तिस्क नाक्यावर भजी खायला थांबलो तरी हिरवी नंबर प्लेट बघून कोणीतरी विचारतंच, "बाब, ही चार्ज खंय करतात?" लग्नात विचारतात, देवळाच्या पार्किंगमध्ये विचारतात, फोनवर तर रोजच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

१. फोंड्यात पब्लिक चार्जिंग आहे का मुळात, की सगळं पणजी-मडगावलाच?

आहे, पण तुटक. एखाद्या पेट्रोल पंपावर, शोरूमच्या आवारात, हॉटेलच्या पार्किंगमध्ये असं कुठं कुठं, आणि बऱ्याच जागी मशीन एकच. एकच मशीन म्हणजे ते बंद तर स्टेशनच बंद. पणजी, पर्वरी, मडगाव आणि किनारपट्टीला दाटी जास्त आहे, आपण मधोमध बसलोय, पणजी तिसेक किलोमीटर आणि मडगाव वीसच्या आतबाहेर. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात २०३० पर्यंत दर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या चौकोनात निदान एक स्टेशन आणि हायवेवर दर २० किलोमीटरला एक असं लिहिलंय. ते होईल तेव्हा होईल. मी तर "शहरात चार्जर किती" हे मोजणंच सोडलंय, मी मोजतो ते "मी पोचेन तेव्हा चालू, रिकामा आणि माझ्या गाडीला बसणारा किती", आणि हा आकडा बऱ्याचदा एक असतो, कधी शून्य.

२. स्लो आणि फास्ट चार्जर यात नक्की फरक काय?

भिंतीतून येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. स्लो चार्जर गाडीला एसीच देतो आणि गाडीतला छोटा चार्जर तिचं डीसी करतो, म्हणून वेग त्या छोट्या चार्जरवर अडतो, गाडीप्रमाणे ३.३ किलोवॉट किंवा ७.२ च्या आसपास. फास्ट चार्जरमध्ये हे काम ते कपाटाएवढं मशीन बाहेरच करतं आणि डीसी थेट बॅटरीत ढकलतं. म्हणून ३.३ वाल्या गाडीला ११ किलोवॉटच्या एसी चार्जरवर लावलं तरी ती ३.३ च घेणार, त्यात चार्जरची चूक नाही.

३. माझ्या गाडीला कुठली पिन लागते ते कसं ओळखू?

चार्जिंगचं झाकण उघडा. वर सात भोकांची गोल पिन आणि तिच्याखाली दोन जाड भोकं असतील तर ती सीसीएस२, आत्ताच्या बहुतेक गाड्यांना हीच. वरचा गोल भाग म्हणजे टाइप २, एसीसाठी, खालची दोन भोकं डीसीसाठी. फक्त गोल भाग असेल तर फास्ट चार्जिंग विसरा. एमजी कॉमेटला डीसी चार्जिंगच नाही, आणि हे गाडी घेतल्यावर कळलेले दोघेजण मला माहिती आहेत.

एक फसवी गोष्ट सांगतो. काही जागी १५ किलोवॉटचे जुने डीसी बॉक्स दिसतात, त्यांची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत घालायचा भाग, वेगळीच असते. ते ई-व्हेरिटोसारख्या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी होते. बॉक्स चालू असतो, लाईट लागलेली असते, पण तुमच्या गाडीत गन जातच नाही. ॲपमध्ये फिल्टर लावून आपलीच पिन निवडली की हे टळतं.

४. माझ्याकडे स्कूटर आहे, तिला गाडीच्या चार्जरवर लावता येईल का?

नाही. स्कूटरचं जग वेगळं आहे आणि तिथंही एकमत नाही. एथर आणि विडाची फास्ट पिन एकच, तिला २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोची मान्यताही मिळाली. ओलाची पिन स्वतःची वेगळी. चेतक आणि आयक्यूब साध्या सॉकेटवर चार्ज होतात. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटची असते, ती घरच्या सॉकेटवर रात्रीत भरते, त्यामुळे स्कूटरवाल्यांनी पब्लिक चार्जरची फार चिंता करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. फोंड्यातून कुठंही जाऊन परत यायला ती पुरते. ज्यांची बॅटरी काढता येते त्यांनी ती वर फ्लॅटमध्ये न्यावी, फक्त झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेवर चार्जिंगला ठेवू नये.

५. ॲप कुठलं घेऊ? प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे म्हणतात.

खरंच आहे, हाच सगळ्यात मोठा ताप आहे. टाटा पॉवरचं, स्टॅटिकचं, चार्जझोनचं, जिओ-बीपीचं, प्रत्येकाचं खातं वेगळं, वॉलेट वेगळं. चार्जर शोधायला मी प्लगशेअर वापरतो, कारण तिथं लोक "आज चालू होता", "गन तुटलीय" असं लिहून जातात. सरकारी ईव्ही यात्रा ॲपही आहे. फोंडा, पणजी आणि मडगावच्या तुमच्या नेहमीच्या चार-पाच जागा कुठल्या कंपन्यांच्या आहेत ते बघा, तेवढीच ॲप घरी वाय-फायवर बसून टाका, ओटीपी वगैरे उरकून घ्या. चार्जरसमोर उभं राहून, नेटवर्कची एक काडी दिसत असताना नवीन खातं उघडायला घेतलं की माणूस घामाघूम होतो. वॉलेटमध्ये मोठी रक्कम भरू नका, यूपीआयनं थेट पैसे देता येत असतील तर तेच बरं.

६. ॲपमध्ये हिरवा दिसतो, तिथं गेलो की बंद. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

ॲपमधला हिरवा ठिपका एवढंच सांगतो की मशीनचा सर्व्हरशी शेवटचा संपर्क झाला तेव्हा गन रिकामी होती. गनची क्लिप तुटलीय, समोर कोणी टेम्पो लावलाय, पंपवाल्यानं गेटला साखळी घातलीय, यातलं काही मशीनला कळत नाही. उलटंही होतं, मशीन ठीक असतं पण त्यातल्या सिमकार्डाला नेटवर्क नाही म्हणून ॲपमध्ये राखाडी दिसतं.

पहिल्या वर्षी एकदा रात्री साडेनऊला मी एका जागी पोचलो, गाडीत १४ टक्के. स्क्रीनवर लाल अक्षरं, वॉचमन म्हणाला "चार दिवस बंद आसा". कस्टमर केअरला फोन केला, वीस मिनिटं गाणं ऐकलं. शेवटी फोन उचललेल्या मुलीनं विचारलं, "सर, बाजूचं लाल बटण आत दाबलेलं आहे का?" बघतो तर खरंच आत. कोणी पोरानं खेळता खेळता दाबलं असणार. ते इमर्जन्सीचं बटण, अळंबीसारखं गोल, दाबलं की आत अडकतं आणि बाणाच्या दिशेनं थोडं फिरवलं की टक करून बाहेर येतं. फिरवलं, मशीन दोन मिनिटांत उठलं. चार दिवस मशीन त्या एका बटणानं बंद होतं आणि तेवढ्यात किती गाड्या परत गेल्या असतील देव जाणे. पण बटण फिरवायच्या आधी आजूबाजूला बघा, वॉचमनला विचारा, कोणी मुद्दाम दुरुस्तीसाठी किंवा ठिणगी दिसली म्हणून दाबलं असेल तर हात लावायचा नाही.

आता माझा क्रम ठरलाय. आधी ॲपमध्ये शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघतो, आज सकाळी झालं असेल तर मशीन जिवंत आहे. मग त्या हॉटेलला किंवा पंपाला फोन करतो, "चार्जरवर आत्ता गाडी लागलीय का?" असं, "चालू आहे का" असं विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. आणि तिथून पुढच्या चार्जरपर्यंत जायला पुरेल एवढं बॅटरीत ठेवूनच जातो, म्हणजे २० टक्क्यांच्या खाली फोंड्यातल्या एकाच चार्जरच्या भरवशावर नाही.

७. एका वेळेला पैसे किती लागतात?

दर युनिटवर असतो, जागेप्रमाणे आणि वेगाप्रमाणे बदलतो, वर १८ टक्के जीएसटी. समजा दर २० रुपये आहे आणि तुमची ३० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर नेलीत, म्हणजे २१ युनिट, ४२० रुपये, जीएसटी धरून ४९५ च्या वर. ॲपमधला दर जीएसटी धरून आहे की सोडून ते नीट वाचा, भांडणं तिथंच होतात. घरी हीच २१ युनिट कितीतरी स्वस्तात पडतात, म्हणून रोजचं चार्जिंग बाहेर करायचं असेल तर गाडी घ्यायच्या आधी वही-पेन घेऊन बसा.

दिवसा स्वस्त असतं का, हेही विचारतात. २०२४ च्या त्याच सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सोलरच्या वेळेत स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळी १.३ पट दरानं द्यावी असं आहे. गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. तो फायदा आपल्यापर्यंत येतो की मधेच जिरतो हे स्टेशनवाल्यावर, ॲपमध्ये दुपारचा आणि रात्रीचा दर एकदा ताडून बघा.

८. वेळ किती लागतो, खरा खरा सांगा.

वरच्याच २१ युनिटचा हिशेब धरा. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर, ३.३ किलोवॉटनं, गळती धरून सात तास. ७.२ च्या एसीवर तीन तासांच्या थोडं वर. ३० किलोवॉटच्या डीसीवर पाऊण तास ते तास. टियागोची २४ युनिटची बॅटरी फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला तासाभराच्या आसपास घेते, मशीन कितीही मोठं असो.

९. मशीनवर ६० किलोवॉट लिहिलंय, मला २२ च मिळतंय. फसवतायत का?

बहुतेक नाही. तुमच्या गाडीची स्वतःची मर्यादा असते, हे एक. बॅटरी तापलेली असेल, मे महिन्यात दुपारी मडगावहून जोरात आलात आणि लगेच लावलीत, तर गाडीच कमी मागते. आणि दोन गनांच्या मशीनवर दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा ६० चे ३०-३० होतात. शेजारी गाडी असेल तर आधी हेच बघा.

१०. ८० टक्क्यांना काढलीच पाहिजे का? मी तर पैसे देतोय.

कायदा नाही, पण काढा. ८० नंतर बॅटरी हळूहळू घ्यायला लागते, शेवटचे वीस टक्के कधी कधी आधीच्या पन्नासाएवढा वेळ खातात, आणि फोंड्यात मागे थांबलेल्याला दुसरा चार्जर नसतो. लांब जायचं असेल तर मागच्याला तसं सांगा, माणसं समजून घेतात. काही कंपन्या चार्जिंग झाल्यावर गाडी तिथंच ठेवली तर मिनिटाप्रमाणे दंडही लावतात. मी काचेखाली माझा मोबाइल नंबर लिहून ठेवतो, बाजारात असलो तर फोन येतो आणि पाच मिनिटांत येऊन काढतो.

११. चार्जरसमोर पेट्रोल गाडी लावलीय, काय करू?

हॉर्न वाजवून उपयोग नाही. आवार ज्यांचं आहे त्यांच्या वॉचमनला सांगा, तो नंबर ओळखतो. बुधवार पेठेच्या बाजूला बाजाराच्या दिवशी माणूस पार्किंग कुठंही शोधतो, त्याला ती हिरवी चौकट रंगवलेली जागा म्हणजे सावलीतली रिकामी जागा वाटते, बिचाऱ्याला माहीतच नसतं. कधी कधी गन लांब केबलची असते, शेजारच्या जागेतूनही पोचते, तेही बघा.

१२. पावसात चार्जिंग केलं तर शॉक बसेल का?

जूनमध्ये हा प्रश्न रोज. गन लावली की आधी गाडी आणि मशीन एकमेकांशी बोलतात, सगळं ठीक असेल तरच करंट सोडला जातो, नुसत्या हातातल्या गनमध्ये करंट नसतो. त्यामुळे पावसात चार्जिंग चालतं. पण गनच्या पिनमध्ये पाणी साचलं असेल तर उलटी करून झटका, सुकू द्या, आत रुमालाचं टोक किंवा काडी घालू नका. केबल कुठं सोललेली असेल किंवा मशीनच्या बुडाशी पाणी तुंबलं असेल तर तिथून निघा. विजा कडकडत असतील तर घरचं चार्जिंग मी बंद करतो, ऑक्टोबरच्या दुपारी तर हमखास.

१३. चार्जिंग चालू असताना लाईट गेली तर?

गाडीला काही होत नाही. घरी लाईट आली की बहुतेक गाड्या आपोआप परत चालू करतात. पब्लिक डीसी मशीन मात्र बऱ्याचदा परत चालू करत नाही, ॲपमधून नवीन सेशन सुरू करावं लागतं, आणि जुनं सेशन ॲपमध्ये "चालू" दिसत अडकून राहतं. अशा वेळी मशीनवर दिसणाऱ्या युनिटचा फोटो काढा, स्क्रीन बंद असेल तर गाडीतल्या टक्क्यांचा. वॉलेटमधून जास्त पैसे कापले गेले तर तक्रारीत तोच फोटो कामाला येतो, माझे एकदा १८० रुपये अकरा दिवसांनी परत आले ते फोटोवरच. लाईट कधी येणार हे विचारायला वीज खात्याचा १९१२ नंबर आहे.

१४. गन अडकली, निघतच नाही.

ओढू नका. गाडी लॉक करून परत अनलॉक करा, दहापैकी आठ वेळा सुटते. मग ॲपमधून सेशन बंद करा. तरीही नाही तर गाडीत हाताने ओढायची एक दोरी किंवा खिट्टी असते, बॉनेटखाली किंवा डिकीच्या आत, गाडीप्रमाणे जागा वेगळी. ती कुठं आहे ते आज घरी उजेडात बघून ठेवा.

१५. घरी पॉइंट घेतला तर पब्लिकची गरजच काय? आणि घरी काय काळजी घ्यायची?

ज्याला घरी पॉइंट आहे त्याला पब्लिक चार्जर महिन्यातून दोनदा लागतो, ज्याला नाही त्याला आठवड्यातून दोनदा, सगळा फरक तिथंच आहे. घरच्याच कनेक्शनवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे. पण ३.३ किलोवॉट सलग सात तास म्हणजे इस्त्री दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा वाईट, जुन्या वायरिंगवर प्लग वितळतो. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. मंजूर लोड कमी असेल तर वीज खात्यात वाढवून घ्या.

अर्थिंग ही आपल्याकडची खास भानगड. एप्रिलमध्ये माझी गाडी घरी अचानक चार्ज व्हायची थांबली, लाल दिवा, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले गाडी आणून दाखवा. आमचा म्हातारा वायरमन आला, परसात गेला, अर्थिंगच्या खड्ड्यावर पाय आपटला आणि म्हणाला "सुकलां हें". जांभ्या दगडाची जमीन, उन्हाळ्यात खडखडीत होते, अर्थिंगला ओलच राहत नाही आणि गाडी नीट अर्थिंग नसेल तर करंट घेत नाही. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासात हिरवा दिवा. नंतर मीठ-कोळसा घालून खड्डा नीट करून घेतला, आता मार्चपासून झाडांबरोबर त्यालाही पाणी घालतो.

१६. मी फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटी नाही म्हणते.

तुमच्या स्वतःच्या मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर आणायची, खर्च तुमचा, बिल तुमचं, असं लेखी द्या. कॉमन मीटरवरून मागितलं की भांडण होणारच आणि ते बरोबरही आहे. आगीची भीती घालतात, त्यांना वायर आणि आरसीसीबीचा कागद दाखवा. नव्या बिल्डिंगसाठी केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमांत २०१९ पासून पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय धरलीय, फ्लॅट बुक करताना बिल्डरला हे विचारा.

१७. मंगेशीजवळ आमचं होमस्टे आहे, चार्जर लावून पैसे घेऊ शकतो का?

हो. चार्जिंग ही वीजविक्री नाही, सेवा आहे, लायसन्स लागत नाही, हे केंद्रीय वीज मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. पण घरगुती मीटरवरून पैसे घेऊन देऊ नका, वीज खात्याकडे चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागा. माझा सल्ला, डीसीच्या नादाला लागू नका, ७.२ चे दोन एसी पॉइंट लावा. पाहुणा रात्री झोपतोच, गाडी सकाळी भरलेली असते. माघात मंगेशी आणि कवळ्याच्या जत्रांना बाहेरून गाड्या येतात तेव्हा तुमचेच पॉइंट सगळे विचारतील.

१८. चवथीत काय परिस्थिती असते?

गणपतीला मुंबई-पुण्याच्या हिरव्या पाट्या आल्या की रांग. चवथीच्या आदल्या दोन दिवशी आणि परतीच्या दिवशी मी पब्लिक चार्जर धरतच नाही, घरूनच भरतो. पाहुणा मंडळींना सांगा, रात्री अकरानंतर किंवा पहाटे जा. आणि येणाऱ्याला आपल्या घरचा पॉइंट द्या की, पंचवीस युनिटनं कोणी गरीब होत नाही.

१९. अनमोडच्या घाटातून बेळगावला जायचंय, जमेल का?

शंभरच्या वर किलोमीटर आणि मधे चढ. सपाटीवर २०० जाणारी गाडी घाटात त्याच बॅटरीवर बरीच कमी जाते, त्यामुळे फोंड्याहून पूर्ण भरून निघा आणि बेळगावचे दोन चार्जर आधी ठरवून ठेवा. येताना उलटं, उतारावर ब्रेकिंगनं बॅटरीत थोडं परत येतं. पण एक खोच आहे, बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ते परत घ्यायला जागाच नसते, गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्याजवळच चार्ज केलीत तर ९० लाच थांबवा.

२०. रस्त्यात शून्यावर आलो तर?

दोरी बांधून ओढू नका, चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं, पूर्ण गाडी वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. पण शून्याच्या आधी, पाच-सहा टक्क्यांवर असतानाच, जिथं १५ अँपिअरचा, जाड पिनचा पॉइंट असेल अशा कोणाच्याही दारात जा. त्यावर तासाला तीन युनिट, म्हणजे अठरा-वीस किलोमीटर. मी एकदा बोरीच्या पुलाच्या अलीकडे असाच एका घरात शिरलो. घरातल्या बाईंनी वॉशिंग मशीनचा प्लग काढून दिला, दीड तास अंगणात बसवलं आणि पैसे विचारल्यावर म्हणाल्या, मशीनमधले कपडे तेवढे भिजत पडले हो.